कशावरून?

तृतीय वर्ष, बी. एस्सी. (सायबर अँड डिजिटल सायन्स)

‘तू शिकतेस तरी काय?’ हा प्रश्न गेली तीन वर्षे माझा पिच्छा पुरवीत आहे. लग्नकार्यात, बसथांब्यावर, एवढेच काय, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही तो मला गाठतो. ‘सायबर सुरक्षा’ असे उत्तर दिले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोहोंपैकी एक भाव उमटतो. एक तर कौतुकमिश्रित भीती (‘म्हणजे तू दुसऱ्याचा मोबाइल उघडू शकतेस?’), नाहीतर काळजी (‘नोकरी लागेल ना गं त्यात?’). आपल्या महाविद्यालयात कला शाखा थोरली, वाणिज्य मधली, विज्ञान धाकटी आणि आमचा हा विषय म्हणजे शेंडेफळ. शेंडेफळाचे घरात जेवढे कौतुक होते, तेवढीच त्याच्याविषयी शंकाही असते. तेव्हा या वार्षिकाच्या निमित्ताने आम्ही नेमके काय शिकतो आणि ते शिकावे असे मला का वाटले, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न. विषय तांत्रिक असला तरी त्याचा गाभा एका साध्या मराठी शब्दात मावतो, असे मला आता वाटू लागले आहे. तो शब्द म्हणजे ‘कशावरून?’

भोसरीतले एक पत्र

माझे वडील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतात. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तेथे तयार होतात. बाबांचे काम तपासणीचे. भोक पाडलेला प्रत्येक जॉब ते गेजला लावून पाहतात. या गेजला दोन टोके असतात. एक ‘गो’, दुसरे ‘नो-गो’. पहिले टोक भोकात गेलेच पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. मशीन नवे आहे, कारागीर जुना आहे, मालक घाईत आहेत, टेम्पो दाराशी उभा आहे, यांपैकी कशाचाही त्या गेजवर परिणाम होत नाही. ‘जॉब बरोबर आहे’ असे कोणी म्हटले म्हणून तो बरोबर ठरत नाही. गेज म्हणते तेव्हाच ठरतो.

२०२२ सालच्या गणपतीनंतरची गोष्ट. वर्कशॉपने परराज्यातील एका विक्रेत्याकडून वापरलेले सीएनसी मशीन घ्यायचे ठरवले होते. पत्रव्यवहार सगळा ई-मेलवर चालला होता. शेवटचा हप्ता ११ लाख ४० हजार रुपयांचा होता. तो भरायच्या दोन दिवस आधी मेल आला, की आमच्या खात्याचे ऑडिट चालू असल्याने रक्कम कृपया खालील नव्या खात्यात भरावी. ऑर्डरचा क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, खालचे नाव आणि हुद्दा बरोबर, लिहिण्याची धाटणीसुद्धा नेहमीची. हिशेब पाहणाऱ्या काकांनी मालकांना विचारले, मालकांनी ‘भरून टाका’ म्हटले आणि पैसे गेले. नऊ दिवसांनी खऱ्या विक्रेत्याचा फोन आला, ‘हप्ता अजून कसा आला नाही?’

तक्रार झाली, पण तोवर ती रक्कम तीन-चार खात्यांतून पुढे सरकून काढलीही गेली होती. छोट्या वर्कशॉपला साडेअकरा लाखांचा खड्डा म्हणजे काय, हे मला त्या दिवाळीत कळले. बोनस झाला नाही. दोन महिन्यांचे पगार तुकड्यातुकड्यांनी झाले. माझ्या बारावीच्या क्लासची फी थकली. पण याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. बावीस वर्षे तिथल्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या काकांकडे माणसे निराळ्या नजरेने पाहू लागली. तोंडावर कोणी काही बोलले नाही. परंतु चहाच्या वेळी काका आले की बोलणे थांबे. आधी ‘एवढा जुना माणूस, त्याला कळलं नाही?’ आणि मग त्याच्या पुढची पायरी, ‘की कळलं होतं?’ दिवाळीनंतर काकांनी प्रकृतीचे कारण सांगून नोकरी सोडली.

एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, ‘भोकाला गेज आहे, शाफ्टला गेज आहे, पत्राला गेज नव्हतं.’ पुढच्या जून महिन्यात मी या अभ्यासक्रमाला नाव घातले, त्यामागे हे वाक्य होते.

चाकणचा बुरूज आणि लाल महाल

आपला हा पट्टा सुरक्षेच्या विचाराला नवखा नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पाहता पाहता भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने पसरले. पण त्याआधी तीनशे वर्षे याच चाकणात एक भुईकोट होता, तो म्हणजे संग्रामदुर्ग. १६६० च्या भर पावसाळ्यात शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. तटाला तोंड देऊन किल्ला पडेना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून भुयार खणले, बुरुजाखाली दारू ठासली आणि बुरूज उडवला. तट भक्कम होता, खंदक होता, पहारा जागा होता. धोका आला तो कोणी पाहत नव्हते त्या बाजूने.

हाच शाहिस्तेखान तीन वर्षांनी, एप्रिल १६६३ मध्ये, पुण्यात लाल महालात मुक्कामाला होता. भोवती मोठी फौज. तरी शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी आत शिरले. लग्नाच्या मिरवणुकीसाठी म्हणून परवाना काढून काही मराठे शहरात आले होते, असे मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. येथे भुयार नव्हते, दारू नव्हती. पहारेकऱ्याने स्वतःच वाट दिली, कारण समोर वऱ्हाडी दिसत होते आणि हातात परवाना होता.

आमच्या विषयातील सगळे हल्ले या दोन प्रकारांत बसवता येतात. एक चाकणचा प्रकार. यात यंत्रणेतील कच्चा भाग शोधून तेथून आत येतात. दुसरा लाल महालाचा. यात माणसाला पटेल असे सोंग आणले जाते आणि माणूसच दार उघडतो. भोसरीच्या वर्कशॉपवर आलेले पत्र दुसऱ्या प्रकारचे होते.

शिक्का आणि मोर्तब

पहिल्या वर्षी आम्हांला संगणकाची भाषा, गणित, संख्याशास्त्र आणि जाळ्याची रचना शिकवतात. अनेकांचा येथेच हिरमोड होतो. त्यांना वाटलेले असते, पहिल्याच तासाला कुणाचे तरी खाते फोडायला शिकवतील. आणि पुढ्यात येते ते द्विमान पद्धतीतले गणित. परंतु कुलूप कसे बनते हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कुलपाची परीक्षा घेऊ नये, हे हळूहळू पटते.

पासवर्डचेच उदाहरण घ्या. चार अंकी पिनच्या शक्यता अवघ्या १० हजार. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचा पासवर्ड घेतला तर शक्यता सुमारे २० हजार ८८२ कोटी होतात. हा आकडा प्रचंड वाटतो. पण सेकंदाला १०० कोटी शक्यता तपासणाऱ्या संगणकाला त्या सगळ्या संपवायला साडेतीन मिनिटे पुरतात. आता आठाऐवजी बारा अक्षरे घ्या. त्याच संगणकाला तीन वर्षे लागतील. चार अक्षरांनी मिनिटांची वर्षे होतात. तेव्हा ‘पासवर्ड लांब ठेवा’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश नसून साधा गुणाकार आहे.

दुसऱ्या वर्षी मला जो भाग सर्वांत आवडला, तो समजावण्यासाठी आपल्याच भाषेतील एक शब्द उपयोगी पडतो, ‘शिक्कामोर्तब’. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब उमटवीत. पत्राची मर्यादा येथे झाली, असा त्या मोर्तबाचा अर्थ. मुद्रेवरून कळे की पत्र कोणाचे. मोर्तबावरून कळे की मागाहून कोणी खाली ओळ घुसडलेली नाही. म्हणजे दोन निरनिराळ्या शंकांना दोन निरनिराळी उत्तरे होती.

संगणकाच्या जगातही नेमक्या याच दोन शंका आहेत. मजकूर बदलला नाही कशावरून? यासाठी ‘हॅश’ काढतात. कितीही मोठा मजकूर गणिती चरकातून काढला की त्याचा ठरावीक लांबीचा ठसा मिळतो. ‘एसएचए-२५६’ या प्रचलित पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. जुन्या वळणाच्या लिपीत ‘रव’ आणि ‘ख’ सारखेच दिसत, आणि ‘माल रवाना’चे ‘माल खाना’ होऊन गोंधळ उडाल्याचे विनोद आपण सर्वांनी ऐकले आहेत. लिपिसुधारणा करणाऱ्यांनी ‘ख’चे दोन भाग खाली जोडून घेतले ते उगीच नव्हे. प्रयोगशाळेत मी हे दोन शब्द घेऊन दोन वाक्ये लिहिली आणि त्यांचे ठसे काढले. दोन ठसे असे निराळे, की एकमेकांशी ओळखसुद्धा नसावी. डोळा फसतो तेथे ठसा फसत नाही.

दुसरी शंका, मजकूर त्याच माणसाचा कशावरून? त्याचे उत्तर डिजिटल स्वाक्षरी. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी एक पद्धत मांडली. तीत प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते; एक स्वतःपाशी गुप्त ठेवायची, दुसरी चारचौघांत उघड करायची. गुप्त किल्लीने केलेली सही उघड किल्लीने कोणालाही तपासता येते. परंतु उघड किल्लीवरून तशी सही करता येत नाही. आज गावाकडचा सातबारा डिजिटल स्वाक्षरीने मिळतो, तो याच जातीच्या गणितावर. शिक्का आणि मोर्तब दोन्ही त्यात आले.

न्यायालयानेही हा ठसा आता आपलासा केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश नमूद करावयाचा आहे. म्हणून तपासणीच्या प्रात्यक्षिकात पहिला धडा असा असतो, की मूळ डिस्कला हात लावू नका. तिची हुबेहूब प्रत काढा, दोन्हींचे ठसे जुळवा आणि मग प्रतीवर काम करा.

भोळी यंत्रे

तिसऱ्या वर्षी मला एक धक्का बसला. ज्या व्यवस्थांवर आपले सारे जग चालते, त्यांतल्या पुष्कळशा मुळात भोळ्या आहेत. ई-मेल पोचवण्याचे नियम १९८२ साली ठरले तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संस्था होत्या. पत्र पाठवणाऱ्याने ‘प्रेषक अमुक’ असे लिहिले, तर ते खरे मानावे, अशीच ती योजना होती. पोस्टाच्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यात कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसे. पुढे तपासणीचे नियम वरून जोडले गेले. पण ते ज्याने त्याने लावून घ्यावे लागतात, आणि अनेक छोट्या उद्योगांनी ते लावलेले नसतात. शिवाय ते लावले तरी हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्याच पत्त्यावरून आलेले पत्र त्यातून सुटते. तो पत्ता खोटा नसतो, फक्त दुसऱ्याचा असतो.

कारखान्यातली यंत्रे तर याहून भोळी. चाकणच्या कुठल्याही असेंब्ली लाइनवर पीएलसी नावाचा छोटा संगणक असतो. मोटार केव्हा फिरवायची, झडप केव्हा मिटायची, हे तो ठरवतो. अशा यंत्रांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली ‘मॉडबस’ नावाची बोली प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे. तिच्या मूळ स्वरूपात हुकूम देणारा कोण, हे विचारण्याची सोयच नाही. ‘झडप उघड’ असे तारेवरून आले की झडप उघडते. पूर्वी ती तार कारखान्याच्या भिंतीआतच राही, म्हणून चालून गेले. आता तीच यंत्रे कार्यालयाच्या जाळ्याला, आणि तेथून बाहेरच्या जगाला जोडली गेली आहेत.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने दाखवले. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम शुद्धीकरणाची यंत्रे त्याने बिघडवली. त्याने सीमेन्स कंपनीचे पीएलसी गाठले, यंत्रांची गती बदलली आणि त्याच वेळी देखरेख करणाऱ्यांच्या पडद्यावर आधी टिपून ठेवलेले नेहमीचे आकडे दाखवीत राहिला. यंत्रे झिजत होती आणि पडद्यावर सारे आलबेल होते. आमच्या सरांनी हा भाग शिकवला त्या संध्याकाळी मी बाबांना तो सांगितला. ते म्हणाले, ‘म्हणूनच मी मशीनच्या पडद्यावरचं माप धरत नाही. जॉब हातात घेतो.’

आणि हे सारे दूरच्या इराणात घडले म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून पसरला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज त्याने ठप्प केले. खात्रीच्या दुकानातून आलेल्या पुड्यातच विष होते.

गणेशखिंडीतली ती घटना

आपल्या जवळच्या एका घटनेचा अभ्यास आम्हांला प्रकल्पासाठी होता. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. बँकेचे मुख्यालय गणेशखिंड रस्त्यावर आहे. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांच्या आत २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. शिवाय भारतात सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे कसे झाले? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ‘हे कार्ड खरे का? खात्यात पैसे आहेत का?’ असा प्रश्न ते बँकेकडे पाठवते. मधला ‘स्विच’ तो प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेतो आणि उत्तर परत आणतो. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून स्वतःचा तोतया स्विच उभा केला. नक्कल केलेल्या कार्डांसंबंधीचे प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचलेच नाहीत. तोतया मध्येच ‘हो, द्या पैसे’ असे सांगत राहिला. ठेवीदारांच्या खात्यांना यात धक्का लागला नाही, कारण त्या खात्यांना कोणी विचारलेच नव्हते. पेशवाईतील तोतया सदाशिवरावभाऊ आपण इतिहासात वाचतो. हा त्याचाच विसाव्या पिढीतला वंशज म्हणावा.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. मात्र भारतात हातात कार्ड घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली माणसे इथलीच होती. त्यांपैकी ११ जणांना २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने दोषी ठरवले. योगायोग असा, की या घटनेनंतर दोनच दिवसांनी, १५ ऑगस्ट २०१८ रोजी, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. प्रकल्प सादर करताना मी एकच निष्कर्ष मांडला होता. एटीएमने ‘कशावरून?’ विचारले होते. परंतु उत्तर देणारा खरा कशावरून, हे कोणी विचारले नव्हते.

हिरकणी आणि कलम ४३

आता ‘तू दुसऱ्याचा मोबाइल उघडू शकतेस का?’ या प्रश्नाकडे वळते. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका सर्वश्रुत आहे. संध्याकाळी दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण कड्यावरून अंधारात उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधला. सुरक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. कच्ची जागा दाखवणारा माणूस शत्रू नसतो. आणि ती कळल्यावर धन्याचे पहिले काम बुरूज बांधणे हे असते.

परंतु आजच्या हिरकणीने एक गोष्ट लक्षात ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार धन्याच्या परवानगीविना संगणकात शिरणे हाच दोष आहे. अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी फक्त बघत होतो’ हे उत्तर तेथे चालत नाही. म्हणून आम्ही जे काही फोडायला शिकतो, ते प्रयोगशाळेत त्यासाठीच मांडलेल्या संगणकांवर. आणि नोकरीत करू तेव्हा लेखी परवानगी हाती घेऊनच. किल्ली बनवता येणारा कारागीर आणि घरफोड्या यांच्या हातातली अवजारे एकच असतात. दोघांमध्ये फरक करतो तो हा परवानगीचा कागद.

कला शाखेच्या मित्रमैत्रिणींना

हा लेख वाचून कोणाला वाटेल की हे सारे यंत्रवाल्यांचे काम, आपला काय संबंध? माझा अनुभव उलटा आहे. फसवणुकीचे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मानसशास्त्राच्या एका मैत्रिणीचा. तिने मला दाखवले की अशा प्रत्येक पत्रात भीती, लोभ, अधिकार आणि घाई या चारांपैकी किमान दोन गोष्टी असतातच. ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनमध्ये भीती, अधिकार आणि घाई अशा तीन असतात. पोलिसाच्या वेषातला माणूस व्हिडिओवर येतो, अटकेचा धाक घालतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणतो. अशा प्रकारची अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. फोन बंद करावा. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवता आली तरच ती हाती लागते. आमच्या वर्कशॉपने नऊ दिवस घालवले होते, तेही न कळून.

इतिहासाचे विद्यार्थी तर आमचे सख्खे भाऊबंद. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून येथील अभ्यासक कागद हाती आला की आधी तो अस्सल कशावरून, हे पाहतात. मोडीचे वळण, कागदाची जात, मुद्रा, तारीख, मायना. आम्ही मेलचा मथळा, पत्ता, वेळ आणि ठसा पाहतो. बाड निराळे, नजर एकच.

शेवटचा कागद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वर्कशॉपच्या मालकांकडे गेले आणि ते जुने पत्र तपासण्याची परवानगी मागितली. लेखी मागितली, ते हसले, पण त्यांनी सही केली. मेल अजून पेटीत होता. तासाभरात उलगडा झाला. विक्रेत्याच्या पत्त्यात इंग्रजी लहान लिपीतले ‘एम’ अक्षर होते. त्या पत्रात त्याच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे शेजारी शेजारी होती. पडद्यावरच्या बारीक टायपात दोन्ही सारखीच दिसतात. ‘रव’ आणि ‘ख’! तो पत्ता पत्र येण्याच्या अवघ्या चार दिवस आधी कोणीतरी नोंदवला होता. ऑर्डरचा क्रमांक चोराला कोणाच्या मेलपेटीतून मिळाला, हे या कागदावरून ठरत नाही. म्हणून ते मी कोणाला सांगितलेही नाही. पत्र बाहेरून आले होते आणि वाचणाऱ्याचा डोळा फसावा म्हणूनच ते बेतलेले होते, एवढे मात्र नक्की ठरत होते.

मालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. आता तेथे नियम झाला आहे. खाते बदलल्याचे पत्र आले की पत्रातल्या क्रमांकावर नव्हे, वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करायचा, आणि दोघांच्या सह्या झाल्याखेरीज पैसे सोडायचे नाहीत. बाबांनी तो नियम एका पुठ्ठ्यावर लिहून गेजच्या कपाटाशेजारी टांगला आहे.

मालकांना विचारून मी त्या पत्राची प्रत काढली, आर-एनखाली लाल रेघ मारली आणि काकांच्या घरी चिखलीला गेले. तीन वर्षांत ते बरेच थकले होते. मी म्हटले, ‘काका, त्या वेळी फोन करून खात्री करायला हवी होती हे खरं, पण तसा नियमच नव्हता. बाकी तुमच्याकडे काही दोष येत नाही.’

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘कशावरून?’

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, तो आधी लांब धरला, मग अगदी डोळ्यांजवळ नेला. लाल रेघेवरून बोट फिरवले. ‘हे पत्र मी तीन वेळा वाचलं होतं गं,’ ते म्हणाले. मग त्यांनी काकूंना हाक मारली, तीच दोन अक्षरे त्यांना दाखवली आणि मला विचारले, ‘हा कागद मी ठेवून घेऊ?’